चुकलेला जबडा, जपून बसवलेला

२०२० च्या मे महिन्यात दक्षिण लंडनमधल्या क्रिस्टल पॅलेस बागेत एका मेगॅलोसॉरसचा जबडा निखळून पडला. हा मेगॅलोसॉरस विटा-सिमेंटचा, १८५४ साली उभारलेला. म्हणजे बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली त्याच्या पुढच्याच वर्षीचा. चार पायांवर उभा, खांद्यावर मोठा उंचवटा, थोबाड मगरीच्या वळणाचं. आज डायनासोरवेडं कुठलंही पोर सांगेल, की मेगॅलोसॉरस मागच्या दोन पायांवर चालायचा आणि हा पुतळा नखशिखांत चुकलेला आहे. तरी २०२१ मध्ये त्याला नवा जबडा बसवला गेला, तोही जुन्या जबड्याबरहुकूम. या बागेतल्या पुतळ्यांना २००७ पासून ब्रिटनमधल्या वारसावास्तूंचा सर्वोच्च दर्जा आहे, बकिंगहॅम पॅलेसला आहे तोच.

मुळातच चुकलेला जबडा इतक्या काळजीने परत तसाच का बसवायचा?

आणि हे एका पुतळ्यापुरतं नाही. शेपूट जमिनीवर घासत चाललेली, दलदलीत पोटापर्यंत रुतलेली, शेवाळी रंगाची ती धुडं आठवतात ना? शास्त्राने ती केव्हाच निकालात काढली. तरी लोक ती चित्रं शोधून शोधून जमवतात, फ्रेम करून भिंतीवर लावतात. यामागे काय आहे ते मुळापासून बघू.

सांगाड्यावरून बैल काढून दाखवा

नामशेष प्राणी जिवंतपणी कसे दिसत असतील, हे पुराव्यांवरून चितारण्याच्या कलेला पॅलिओआर्ट म्हणतात. पुरावा म्हणजे मुख्यतः जीवाश्म, अर्थात दगड होऊन टिकलेली हाडं, दात, पावलांचे ठसे. अडचण अशी, की प्राणी म्हणजे नुसती हाडं नव्हेत.

समजा, खिलार बैल कधी पाहिलाच नाही अशा चित्रकाराला त्याचा सांगाडा दिला. तो शिंगं काढेल, खूर काढेल, पाय बरोबर जोडेल. पण वशिंड? ते मांसाचं आणि चरबीचं असतं, हाडांचं नाही. गळ्याखाली लोंबणारी पोळी, कानांचा आकार, पांढरा रंग, यातलं काहीच सांगाड्यात नसतं. मग चित्रकार काय करेल? त्याला ठाऊक असलेल्या एखाद्या जनावराकडून हे सगळं उसनं आणेल. युरोपातला असेल तर त्याच्या गावच्या गाईकडून. चित्र काढून होईल, पण तो बैल आपल्या पोळ्यातला नसेल.

डायनासोरच्या प्रत्येक चित्रात हीच उसनवारी असते. थोडा भाग हाडांनी सांगितलेला, थोडा जिवंत प्राण्यांकडून आणलेला आणि उरलेला चित्रकाराच्या काळाने नकळत भरलेला. जुन्या चित्रांची सगळी गंमत या शेवटच्या दोन भागांत आहे. हाडं कमी होती, त्यामुळे उसनवारी जास्त होती, आणि आज आपल्याला ती उघड दिसते.

नाकावर बसवलेला अंगठा

इग्वानोडॉनचं उदाहरण सगळ्यांत मजेदार. गिडियन मॅन्टेल हा इंग्लंडमधला डॉक्टर, जीवाश्मांचा नादी. त्याला काही दात सापडले, ते इग्वाना सरड्याच्या दातांसारखे दिसले, म्हणून १८२५ साली त्याने प्राण्याचं नाव इग्वानोडॉन ठेवलं. एक टोकदार हाडही मिळालं होतं. ते कुठे बसवायचं? गेंड्याला असतं तसं नाकावर.

(‘डायनासोर’ हा शब्द तोवर जन्मलेलाच नव्हता. तो रिचर्ड ओवेन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८४२ साली छापून आणला.)

क्रिस्टल पॅलेसचे पुतळे घडवणारा बेंजामिन वॉटरहाउस हॉकिन्स हा शिल्पकार. त्याने इग्वानोडॉन घडवला तो गेंड्यासारखा भारदस्त, चार खांबी पायांचा आणि नाकावर शिंग असलेला. चित्रविचित्र जाहिरातीचं त्याला भारी अंग होतं. ३१ डिसेंबर १८५३ च्या रात्री त्याने इग्वानोडॉनच्या साच्याच्या पोटात शास्त्रज्ञांना मेजवानी दिली, आणि ओवेनला बसवलं डोक्याच्या बाजूला. ओवेनला डायनासोर सस्तन प्राण्यांसारखे दणकट आणि प्रगत हवे होते, त्यामागे कारणही होतं असं विज्ञानाचे इतिहासकार मांडतात. उत्क्रांतीच्या तेव्हाच्या कल्पना त्याला पसंत नव्हत्या. कोट्यवधी वर्षांपूर्वीचे सरपटणारे प्राणी आजच्या सरड्यांपेक्षा वरचढ होते असं दाखवलं, की ‘जीव हळूहळू सुधारत गेले’ या म्हणण्याला परस्पर चाप बसत होता. म्हणजे त्या पुतळ्याच्या गेंड्यासारख्या पायांत व्हिक्टोरियन काळातलं एक भांडण उभं आहे.

पुढे १८७८ साली बेल्जियममधल्या बर्निसार गावी कोळशाच्या खाणीत इग्वानोडॉनचे तीसहून जास्त सांगाडे सापडले. लुई डोलो या शास्त्रज्ञाने ते अभ्यासले आणि नाकावरचं शिंग खाली उतरलं. ते शिंग नव्हतंच, हाताचा अंगठा होता. पण डोलोनेही उसनवारी केलीच. त्याने सांगाडे उभे केले ते कांगारूसारखे, दोन पाय आणि टेकलेली शेपूट. खरी शेपूट ताठ होती, तिच्यातले स्नायूबंध हाडासारखे कडक झालेले होते. ती जमिनीला टेकवायला काही ठिकाणी चक्क मोडावी लागली.

ही तीन टेकूंची ढब पुढे जवळजवळ शंभर वर्षं टिकली. जत्रेतला हिरवा प्लास्टिकचा डायनासोर आठवून बघा, तोही शेपूट टेकूनच उभा असतो. माझं आपलं मत असं, की यात शास्त्राइतकाच तोलाचाही भाग असावा. दोन पायांवरचं खेळणं पडतं, तिसरा टेकू दिला की उभं राहतं.

रविवर्म्याची सरस्वती आणि नाइटचा टी. रेक्स

सरस्वती डोळ्यांसमोर आणा. कमळ, वीणा, मोर आणि अंगावर नीटस चापून नेसलेली साडी. हे रूप आपल्या मनात आलं कुठून? फार मोठ्या प्रमाणात राजा रविवर्म्याकडून. १८९४ साली त्याचा छापखाना मुंबईत सुरू झाला, पुढे मळवलीला गेला, आणि शिळाछपाईने देवदेवता घराघरांत पोचल्या. देवी कुणी पाहिली नव्हती. पण चित्र इतकं पटलं, की नंतरच्या कॅलेंडरवाल्यांनी तेच गिरवलं.

चार्ल्स नाइटने डायनासोरच्या बाबतीत नेमकं हेच केलं, आणि साधारण त्याच वर्षांत. हा १८७४ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये जन्मलेला. जन्मापासून नजर अधू, त्यात लहानपणी एका डोळ्याला दगड लागला. मोठेपणी खास चष्मा लावून कॅनव्हासला नाक लागेल इतक्या जवळून तो चित्रं काढायचा. प्राणिसंग्रहालयात बसून त्याने जिवंत वाघ-सिंह-हत्ती ढिगाने रेखाटले होते. डायनासोर काढण्याआधी तो त्याची लहान मूर्ती घडवायचा आणि उजेडात ठेवून सावली कशी पडते ते बघायचा. म्हणूनच त्याच्या चित्रातल्या जनावराला वजन आहे.

शिकागोच्या फील्ड म्युझियमसाठी १९२० च्या दशकाच्या अखेरीस त्याने काढलेलं टायरॅनोसॉरस आणि ट्रायसेरॅटॉप्स यांचं चित्र बघा. दोघं समोरासमोर आहेत, पण मध्ये अजून मोकळी जमीन आहे. झुंज सुरू झालेली नाही. रक्त नाही, फाटलेलं मांस नाही, आहे तो फक्त पुढच्या क्षणाचा ताण. आज संगणकावर बनवलेल्या चित्रांत जबडे आपल्या तोंडावर येऊन आदळतात, डरकाळीची थुंकीही दिसते. मला विचाराल तर त्या मोकळ्या जमिनीची भीती जास्त वाटते.

पैसा, पोलाद आणि पेट्रोल

ही चित्रं हवेतून आली नाहीत. जीवाश्म सापडत गेले ते उद्योगासाठी जमीन खणली जात होती म्हणून. आणि प्रचंड सांगाडे उकरायला, उभे करायला लागणारा पैसा अमेरिकेतल्या नवकोट नारायणांकडे होता. पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगीने आपल्या डिप्लोडोकस या लांबलचक डायनासोरच्या प्रतिकृती युरोपातल्या राजधान्यांना भेट दिल्या. लंडनची १९०५ साली उभी राहिली. ‘आमच्याकडे सगळं तुमच्यापेक्षा मोठं असतं’ हे सांगायची याहून ऐटबाज तऱ्हा कुठली?

त्याच १९०५ साली न्यूयॉर्कच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयातल्या हेन्री फेअरफील्ड ऑसबॉर्नने टायरॅनोसॉरस रेक्स हे नाव दिलं. अर्थ जुलमी सरड्यांचा राजा. नाइटची बरीच चित्रं ऑसबॉर्नच्या देखरेखीखाली झाली. हा माणूस मोठा संघटक होता, आणि वंशशुद्धीचा कट्टर पुरस्कर्ताही. ‘चांगल्या’ वंशांनी वाढावं आणि बाकीच्यांनी वाढू नये, असं मानणाऱ्यांची आंतरराष्ट्रीय परिषद १९२१ साली त्याच्याच संग्रहालयात भरली होती. ‘बळी तो कान पिळी’ हा निसर्गाचा एकमेव नियम असल्यासारखी मांडणी ज्या दालनांत झाली, त्याच संग्रहालयात काय बोललं जात होतं, हे चित्रं पाहताना विसरू नये.

मग पेट्रोल कंपन्या आल्या. सिंक्लेअर या अमेरिकन कंपनीने १९३० च्या दशकात हिरवा लांब मानेचा डायनासोर आपली खूण म्हणून घेतला. पेट्रोल डायनासोरांपासून बनतं हा समज लोकांत रुजायला त्याचा चांगलाच हातभार लागला. खरं तर खनिज तेल मुख्यतः समुद्रातल्या अतिसूक्ष्म जीवांपासून बनलेलं आहे. पण प्लवकाचं चित्र पंपावर कोण लावणार?

अजिंठ्याची आठवण करून देणारी भिंत

या काळातलं माझं सर्वांत आवडतं काम येल विद्यापीठाच्या पीबडी संग्रहालयात आहे. रुडॉल्फ झॅलिंगर या तरुण चित्रकाराने १९४३ ते १९४७ या काळात, म्हणजे जग एकमेकांवर बॉम्ब टाकत होतं तेव्हापासून, एकाच भिंतीवर हे काम केलं. ११० फूट लांब, १६ फूट उंच. तीस कोटींहून अधिक वर्षांचा काळ एका सलग निसर्गचित्रात, उजवीकडून डावीकडे वाहत जाणारा. मध्ये चौकटी नाहीत. पुढे उभ्या असलेल्या मोठ्या झाडांनी एक युग संपून दुसरं लागल्याचं कळतं.

अजिंठा पाहिलेल्यांना ही युक्ती ओळखीची वाटेल. तिथेही जातकातला एक प्रसंग संपून दुसरा सुरू होतो तो एखाद्या झाडाच्या, खडकाच्या किंवा मंडपाच्या आडोशाने. शिवाय दोन्हीकडे रंग कोरड्या गिलाव्यावर चढवलेले. झॅलिंगर अजिंठा बघून आला होता असं मी म्हणत नाही. लांब भिंतीवर काळ रंगवायचा झाला, की हाताला बहुधा असेच मार्ग सुचत असावेत.

त्यातला टायरॅनोसॉरस ढेरपोट्या आहे, जेवून शतपावलीला निघालेल्या इनामदारासारखा. १९५३ साली ‘लाइफ’ मासिकाने हे चित्र छापलं, खेळणी बनवणाऱ्यांनी त्यावरून साचे काढले, आणि ती ढेरी जगभर पोचली.

‘पण ती चुकीचीच आहेत ना?’

बरीचशी, हो. झेकोस्लोव्हाकियाच्या झ्डेनेक बुरियानचं एक प्रसिद्ध चित्र घ्या. ब्रॅकिओसॉरस तळ्यात खोल उभा आहे, फक्त डोकं पाण्याबाहेर. इतका जड प्राणी जमिनीवर स्वतःला पेलूच शकणार नाही, पाणीच त्याला उचलून धरत असणार, असा तर्क होता.

विहिरीत पोहायला शिकलेल्यांनी पपईच्या पानाचा पोकळ देठ तोंडात धरून पाण्याखालून श्वास घ्यायचा उद्योग केलेला असतो. वीतभर खाली जमतं. अजून खाली गेलं, की छाती फुगतच नाही, कारण बाहेरचं पाणी ती दाबून धरतं. दर दहा मीटरला हा दाब एका वातावरणाइतका वाढतो. १९५१ साली केनेथ केरमॅक या शास्त्रज्ञाने हाच मुद्दा मांडला. डोकं वर आणि छाती कितीतरी मीटर खाली असेल, तर त्या प्राण्याला श्वास घेताच येणार नाही. बुरियानचा ब्रॅकिओसॉरस गुदमरून मेला असता.

तरी पाण्यात झिरपत जाणारा हिरवट उजेड, वर लाटांची चाळवाचाळव आणि खाली ते शांत, अवाढव्य शरीर हे चित्र विसरता येत नाही.

आणि ‘जुनी म्हणजे सगळी सुस्त’ असंही नाही. नाइटने १८९७ साली काढलेल्या एका चित्रात दोन मांसाहारी डायनासोर एकमेकांवर तुटून पडलेत, एक तर पार हवेत उडालाय. इतकी चपळाई शास्त्राला पचायला पुढची सत्तर वर्षं लागली. १९६९ साली जॉन ऑस्ट्रॉमने डायनोनिकस या चपळ, नखाळ शिकाऱ्याचं वर्णन केलं, त्याचा विद्यार्थी रॉबर्ट बॅकरने तो धावताना रेखाटला, आणि तिथून शेपट्या जमिनीवरून उचलल्या गेल्या त्या कायमच्या. शास्त्र सरळ रेषेत पुढे जातं असं ज्यांना वाटतं, त्यांनी १८९७ चं ते चित्र एकदा शेजारी ठेवून बघावं.

‘मग आजची चित्रं तरी खरी?’

पूर्वीपेक्षा खूपच. १९९६ साली चीनमध्ये सायनोसॉरोप्टेरिक्स या छोट्या डायनासोरचा जीवाश्म उजेडात आला, अंगभर पिसांसारखी लव असलेला. २०१० मध्ये त्याच्या लवेतले रंगद्रव्याचे सूक्ष्म कण तपासून शेपटीवर तांबूस आणि पांढरे पट्टे होते इथवर मजल गेली. नाइटला हे ऐकून वेड लागलं असतं.

पण वशिंडाचा प्रश्न संपलेला नाही. एडमॉन्टोसॉरस हा डायनासोर शंभर वर्षं बोडक्या डोक्याने चितारला जात होता. २०१३ साली कळलं, की त्याच्या डोक्यावर कोंबड्यासारखा मांसल तुरा होता. हाडांत त्याचा मागमूस नव्हता. स्पायनोसॉरसचं तर विचारूच नका. इजिप्तमध्ये सापडलेली त्याची पहिली हाडं एर्न्स्ट स्ट्रोमरने १९१५ साली वर्णिली. ती म्युनिकच्या संग्रहालयात होती, आणि १९४४ च्या बॉम्बहल्ल्यात नष्ट झाली. त्यानंतर २०१४ साली त्याचे मागचे पाय आखूड निघाले, २०२० साली शेपूट वल्ह्यासारखी निघाली. दहा वर्षांपूर्वी घेतलेलं मुलांचं पुस्तक आज जुनं झालंय ते यामुळे.

तेव्हा मुलांना जुनी चित्रं दाखवावीत का, या प्रश्नावर माझं उत्तर सरळ आहे. दाखवावीत, नव्याच्या शेजारी ठेवून. ‘यातलं हाडांनी काय सांगितलं आणि माणसाने काय घातलं?’ हा खेळ घरी खेळून बघा.

‘म्हणजे हा नुसता जुन्याचा सोस?’

थोडा सोस आहेच, नाकारण्यात अर्थ नाही. फोर्टातल्या फुटपाथवर घेतलेला एक फाटका इंग्रजी ज्ञानकोश माझ्याकडे आहे. त्यातल्या ब्रॉन्टोसॉरसच्या पानावर कुणीतरी पूर्वी निळ्या शाईने मिशा काढल्यात. ते पान उघडलं, की मी पुन्हा चौथीत असतो.

पण ज्यांचं बालपण पिसवाल्या डायनासोरांत गेलं, त्या पोरांनाही ही चित्रं ओढतात. त्याचं कारण मला वाटतं ते असं. जुन्या चित्रात डायनासोर एकटा येत नाही, सोबत अख्खं हवामान घेऊन येतो. ओलसर धुकं, सायकसची झाडं, गढूळ पाणी, मावळतीचा पिवळा उजेड. नाइट, बुरियान आणि झॅलिंगर आधी चित्रकार होते. प्राण्याबद्दल माहिती तुटपुंजी होती, म्हणून त्यांनी ती उणीव उजेडाने भरून काढली. तुम्ही त्या चित्रात प्राणी बघायला जाता आणि एका हरवलेल्या दुपारी जाऊन बसता.

चंद्रपूरचं गवत

या चित्रांत एक गोष्ट हटकून नसायची, ती म्हणजे गवत. नेचे असत, सूचिपर्णी झाडं असत, जमीन उघडी किंवा चिखलाची असे. गवत डायनासोरांनंतर आलं, असंच शास्त्र सांगत होतं. डायनासोरच्या पायाशी हिरवळ काढणाऱ्या चित्रकाराला जाणकार हसत.

चंद्रपूर जिल्ह्यात वरोरा तालुक्यात पिसदुरा नावाचं गाव आहे. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात या परिसरातून जीवाश्म गोळा केले होते. इथे डायनासोरची हाडं मिळतात, आणि त्यांच्या शेणाचे दगडही, ज्यांना कोप्रोलाइट म्हणतात. उसाच्या पाल्याने हात चिरतो तो पानातल्या सिलिकामुळे. गवत कुजून गेलं तरी या सिलिकाचे सूक्ष्म कण टिकतात, आणि कणांच्या आकारावरून गवताची जात ओळखता येते. वंदना प्रसाद, कॅरोलिन स्ट्रॉमबर्ग, अशोक साहनी आणि सहकाऱ्यांनी पिसदुऱ्याच्या शेणदगडांत हे कण शोधले, आणि २००५ साली जाहीर केलं, की त्यात किमान पाच प्रकारची गवतं आहेत. बहुधा टायटनोसॉर, म्हणजे लांब मानेचे अजस्र शाकाहारी, इथे गवत खात होते.

जुन्या चित्रांतली आणखी एक ठरीव वस्तू म्हणजे कोपऱ्यात धुमसणारा ज्वालामुखी. झॅलिंगरच्या भिंतीच्या शेवटालाही तो आहे. बहुतेक ठिकाणी ते नुसतं नेपथ्य. आपल्याकडे मात्र तो खरा होता. सह्याद्रीचा काळा पाषाण ज्या लाव्हारसाचा बनला, तो डायनासोरांच्या अखेरच्या काळातच वाहू लागला होता.

मला एक चित्र हवं आहे. मागे लाव्हाच्या धुराने तांबडं झालेलं आभाळ, पुढे पिसदुऱ्याचं तळं, काठावर मान खाली घालून चरणारा टायटनोसॉर, आणि हे सगळं बुरियानच्या कुंचल्याने, त्याच्या त्या हिरवट उजेडात. गवत तेवढं न विसरता काढलेलं असावं. शेपूट जमिनीला टेकलेली असली तरी चालेल.